प्रकरण सातवे : पंचाला दिसले कसे नाही?

१. एक जुनी फिर्याद

बास्केटबॉलच्या सामन्याला गेलेला मनुष्य, मग तो खेळाचा दर्दी असो की शेजारच्या मुलाचे कौतुक करण्यापुरता आलेला असो, अर्ध्या तासाच्या आत एक प्रश्न हमखास विचारतो : पंच तिथेच, हात लांब केला तर खेळाडूला लागेल इतक्या अंतरावर उभा असताना, आम्हांला समोरच्या पायऱ्यांवरून दिसलेला धक्का त्याला दिसला कसा नाही? मुंबईत नागपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे हा खेळ गल्लीतल्या पोरांच्या अंगात मुरलेला आहे, तिथे हाच प्रश्न जरा मोकळ्या शब्दांत विचारला जातो, एवढाच फरक. तो बहुधा उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला नसतो; ती फिर्याद असते, आणि पंच आंधळा आहे, आळशी आहे किंवा फितूर आहे, ह्या तीनपैकी एक निकाल फिर्यादीने आधीच लिहून ठेवलेला असतो. परंतु क्षणभर राग बाजूला सारून तो खरोखरीचा प्रश्न मानला, तर त्याच्या उत्तरात मनुष्याच्या डोळ्याविषयी आणि मनाविषयी बरेच काही हाती लागते. कारण धक्का निसटतो तो पुष्कळदा अशा पंचाच्या नजरेतून, जो सगळेच पाहू जातो. काय पाहायचे नाही, ह्याचा आधीच केलेला आणि चाळीस मिनिटे निष्ठेने पाळलेला ठराव, ह्यातच चांगल्या पंचाच्या अवधानाचा गाभा आहे.

प्रथम जागेचा हिशेब करू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर असते. फुटबॉलचे १०५ बाय ६८ मीटरचे मैदान ७,१४० चौरस मीटर भरते. फुटबॉलच्या बावीस खेळाडूंना ते वाटून दिले तर दरडोई सुमारे ३२४ चौरस मीटर येतात. बास्केटबॉलच्या दहा जणांना दरडोई ४२ येतात, आणि एका संघाने चढाई केली म्हणजे दहाही जण बहुतेक वेळ अर्ध्याच मैदानात गोळा होत असल्यामुळे तो वाटा २१ वर उतरतो. इतक्या दाटीत अंगाला अंग लागणारच. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवायची म्हटले तर खेळ चालणार नाही, आणि कोणत्याच स्पर्शाला वाजवायची नाही म्हटले तर कुस्ती चालू होईल. ह्या दोहोंच्या मध्ये जी अरुंद पाऊलवाट आहे तिच्यावरून पंचाला धावत जायचे असते.

२. नेस्मिथसाहेबांची तजवीज

हा खेळ ज्याने निर्माण केला त्याला ही अडचण पहिल्याच दिवशी कळली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकविणाऱ्या जेम्स नेस्मिथ ह्या मूळच्या कॅनेडियन शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात, हिवाळ्यामुळे बाहेर खेळता न येणाऱ्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांसाठी, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून हा खेळ मांडला, आणि त्याचे तेरा नियम लिहून काढले. त्या तेरांपैकी दहावा आणि अकरावा हे दोन नियम आपल्या कामाचे आहेत. दहाव्यात नेमलेल्या ‘अंपायर’ने माणसांचा न्याय करावयाचा, म्हणजे कोण कोणाला ढकलतो, पकडतो, पाडतो हे पाहावयाचे, अकराव्यात नेमलेल्या ‘रेफरी’ने चेंडूचा न्याय करावयाचा, म्हणजे चेंडू आत आहे की बाहेर, कोणाच्या मालकीचा, गोल झाला की नाही आणि वेळ किती उरली हे सांभाळावयाचे.

ही वाटणी वरवर पाहता कामाच्या सोयीची दिसते. परंतु जो चेंडूकडे पाहतो त्याला माणसांकडे पाहणे जमणार नाही, ही मनोव्यापाराची जाण तिच्यात आहे. पुढे नियम बदलले, टोपल्यांची जागा लोखंडी रिंगांनी घेतली, हा खेळ वायएमसीएच्याच मार्फत मद्रासेहून आपल्या देशात पसरला, दोन पंचांचे अनेक ठिकाणी तीन झाले (अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने, एनबीएने, १९७८ साली तिसरा पंच नेमला, पुढच्याच वर्षी काढून टाकला, आणि १९८८ पासून कायमचा परत बोलावला), तरी नेस्मिथने घालून दिलेले तत्त्व आजही सुटलेले नाही : चेंडू एकानेच पाहावा.

३. डोळ्याची हद्द

आपल्याला समोरचे सगळे दृश्य सारखेच स्पष्ट दिसते अशी आपली समजूत असते, पण ती डोळ्याने आपल्याशी केलेली लबाडी आहे. डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक इवलासा खळगा असतो आणि बारीक तपशील फक्त त्याच्यावर पडलेल्या प्रतिमेचा कळतो. हा स्पष्ट दृष्टीचा टापू सुमारे दोन अंशांचा असतो. हात पूर्ण लांब करून आपल्याच अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर ते नख साधारण तेवढीच जागा व्यापते. त्याच्या बाहेरचे जग धूसर असते, मात्र तिथे हललेले काहीही चटकन टिपले जाते. म्हणून कडेने येणारी सायकल आपल्याला ‘काहीतरी आले’ अशी आधी जाणवते, आणि मान वळविल्यावर मग सायकल म्हणून दिसते.

आता हे गणित मैदानावर नेऊ. पाच मीटर अंतरावर दोन अंश म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर, अर्थात एक वीतभरही नाही. पाच मीटरांवरून पंच बचाव करणाऱ्याचा पंजा चेंडूला लागला की मनगटाला लागला हे पाहत असेल, तर त्याच क्षणी त्याच खेळाडूचे पाय त्याला नेमके दिसत नसतात. ते त्याला जाणवतात, इतकेच. दहा मीटरांवर तोच टापू ३५ सेंटिमीटरांचा होतो. म्हणजे ‘पंच इतका जवळ होता’ ही जी सबब फिर्यादी पुढे करतो, ती अर्धी तरी पंचाच्याच बाजूची आहे. फार जवळ गेलेल्या पंचाच्या स्पष्ट दृष्टीत खेळाडूचा एक तुकडाच मावतो, आणि त्या तुकड्याबाहेर काय झाले हे पायरीवर बसलेल्याला अधिक बरे दिसू शकते.

अंतराहूनही कोन महत्त्वाचा आहे. दोन खेळाडू पंचाच्या नजरेच्या एकाच रेषेत आले, म्हणजे मागच्याने पुढच्याच्या पाठीत हात घातला काय आणि नमस्कार केला काय, दोन्ही सारखेच. म्हणून अनुभवी पंच सदैव दोघांच्या मधली फट शोधत असतो. ती फट दिसत असेल तर स्पर्श झाला की नाही हे शपथेवर सांगता येते, आणि ती बंद होत चालली की एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे लागते. नवशिका पंच धावतो पुष्कळ, पण धावून जिथे पोहोचतो तिथे खांबासारखा उभा राहतो. जाणता पंच पोहोचल्यावरही त्या एका पावलाची घालमेल चालू ठेवतो. प्रेक्षकांच्या ही हालचाल ध्यानातही येत नाही, कारण त्या वेळी ते अर्थातच चेंडूकडे पाहत असतात.

४. मनाची हद्द

डोळ्याला दिसलेले सगळे मनाला पोहोचते असेही नाही, आणि ह्याचा सर्वांत गाजलेला पुरावा योगायोगाने बास्केटबॉलचाच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर ह्यांनी १९७० च्या दशकात चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंचा चित्रपट लोकांना दाखविला होता आणि त्यातून एक छत्रीवाली बाई चालत नेली होती. पुढे १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री ह्या हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी तोच प्रयोग अधिक धीटपणे केला. पांढऱ्या सदऱ्यांचे तिघे आणि काळ्या सदऱ्यांचे तिघे आपापसांत बास्केटबॉल टाकताहेत. पाहणाऱ्याने पांढऱ्यांनी किती वेळा चेंडू दिला हे मोजावयाचे. मोजणी चालू असताना गोरिलाचा पोशाख घातलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधोमध येते, छाती बडवते आणि निघून जाते. नंतर विचारले, तर पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी गोरिला पाहिलाच नव्हता. उलट ‘असे काही नव्हतेच’ असे ते ठासून सांगत.

ह्या लोकांचे डोळे शाबूत होते आणि ते आळशीही नव्हते. नेमून दिलेले काम ते इतक्या इमानाने करीत होते की कामाबाहेरच्या गोष्टीला मनाच्या दारात प्रवेशच मिळाला नाही. हे अडाण्यांचे होते, तज्ज्ञांचे होणार नाही, अशी कोणाची समजूत असेल तर २०१३ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग ती घालवतो. फुप्फुसाच्या सीटी स्कॅन चित्रांत बारीक गाठी शोधण्याचे ज्यांचे रोजचे काम, अशा २४ डॉक्टरांना दिलेल्या चित्रांत संशोधकांनी गाठीच्या ४८ पट आकाराचा गोरिला चिकटविला होता. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही.

पंचाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, अवधान हे मर्यादित धन आहे. ज्याने ते चेंडूवर उधळले त्याच्याजवळ, चेंडूपासून चार मीटरांवर चाललेल्या ओढाताणीसाठी, काही शिल्लक राहत नाही. आणि चेंडू हा मोठा मोहक असतो; हॉलमधील हजार डोळे, दोन्ही संघांचे प्रशिक्षक, स्वतः खेळाडू, सगळे त्याच्याकडे पाहत असताना ज्याने त्याच्याकडे पाहू नये असा एकटा प्राणी म्हणजे पंच.

५. तीन इलाखे

मग तिघा पंचांनी काय करावयाचे? त्यांनी मैदान वाटून घ्यावयाचे. ज्या बास्केटवर चढाई चालू आहे तिच्या मागच्या अंत्यरेषेवर एक उभा राहतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. चढाई करणाऱ्यांच्या पाठीमागे, मध्यरेषेच्या बाजूने एक असतो, तो ‘ट्रेल’. आणि लीड ज्या बाजूला असेल तिच्या समोरच्या बाजूला, फ्री थ्रोच्या रेषेच्या सुमारास, तिसरा असतो, तो ‘सेंटर’. चेंडू फिरला की हे तिघेही फिरतात, पण प्रत्येकाच्या अंमलाखाली मैदानाचा एक ठराविक इलाखा कायम राहतो. चेंडू आपल्या इलाख्यात आहे तोवर चेंडूवाला आणि त्याला अडविणारा ह्या जोडीकडे पाहावे; तो दुसऱ्याच्या हद्दीत गेला की मनाला चिमटा काढून नजर तिथून उचलावी आणि आपल्या इलाख्यातील बिनचेंडूच्या जोड्यांवर ठेवावी.

लग्नाच्या पंगतीत तीन रांगांना तीन वाढपी नेमलेले असावेत आणि व्याही एका रांगेत बसलेले असावेत, म्हणजे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे : तिघेही वाढपी व्याह्यांच्या पानाशी श्रीखंडाचा आग्रह करीत उभे, आणि इतर दोन रांगांत लोक वरणाची वाट पाहत भात चिवडीत बसलेले. मैदानावर चेंडू हाच व्याही असतो, आणि फुकट गेलेल्या रांगांत जे घडते त्याचे नाव मारामारी. बास्केटबॉलमधील बहुतेक भांडणांचे मूळ चेंडूपासून दूर, एकाने दुसऱ्याच्या बरगडीत चोरून घातलेल्या कोपरात असते. पंचाला दिसतो तो दुसऱ्याने दिलेला जबाब. शिक्षा त्याला होते, आणि पहिला साळसूदपणे हात वर करून उभा राहतो.

वाटणी कशी चालते ते एका उदाहरणाने पाहू. एका खेळाडूने तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे बास्केटपासून ६.७५ मीटरांहून अधिक अंतरावरून, ट्रेलच्या इलाख्यात चेंडू फेकला. हाताबाहेर पडल्यापासून रिंगेपर्यंत जाण्यास त्याला सुमारे एक सेकंद लागतो. त्या सेकंदात सभागृहातील प्रत्येक मान चेंडूबरोबर वर जाते. ट्रेलची जात नाही. तो फेकणाऱ्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याच्याचकडे पाहतो, कारण बचाव करणारा उशिरा आदळतो तो नेमका त्याच वेळी, आणि उतरणाऱ्याच्या पायाखाली दुसऱ्याचा पाय आला तर घोटा जातो. लीड वर पाहत नाही. रिंगेखाली जागेसाठी रेटारेटी करणाऱ्या उंच खेळाडूंच्या कमरा आणि कोपरे तो पाहतो. सेंटर आपल्या बाजूने रीबाउंडसाठी धावत येणाऱ्याला आणि त्याला अडविणाऱ्याला टिपतो. चेंडू रिंगेजवळ आल्यावर त्याला कोणी गैर हात लावतो का, हे पाहण्याचे काम ट्रेल आणि सेंटर ह्या दोघांचे. ट्रेलने तोवर फेकणाऱ्याला सुखरूप जमिनीवर पोहोचविलेले असते. चेंडू पडला की नाही हे लीडला पुष्कळदा आवाजावरून, जाळीच्या सळसळीवरून किंवा लोकांच्या ओरडण्यावरून कळते.

वाटणीला अपवाद असतात, हे खरे. दुसऱ्याच्या इलाख्यातील उघडउघड फाऊल त्याला आडोशामुळे दिसला नाही अशी खात्री पटल्यास शेजारच्या पंचाने शिट्टी वाजवावी. पण आधी एक श्वासभर थांबून, त्या इलाख्याच्या मालकाला पहिली संधी देऊन. ही श्वासभराची सभ्यता नसेल तर एकाच प्रसंगाला दोन शिट्ट्या वाजतात, दोन पंच दोन निरनिराळे निर्णय दाखवितात, आणि मग त्या दिवशी त्या तिघांची अब्रू परत येत नाही.

६. शिट्टी तोंडात, घाई पोटात

आपल्या इलाख्यात चेंडू आल्यावर तरी पंचाने कोणाला पाहावे? लोक म्हणतील, चढाई करणाऱ्याला. चमत्कार तोच करतो. परंतु फाऊल कोणाचा हे बहुधा बचाव करणाऱ्याच्या वागणुकीवरून ठरते. त्याने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकून जागा आधी घेतली होती काय, आणि तो आपल्या शरीराच्या उभ्या सरहद्दीत होता काय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर छातीवर आपटलेला चढाईखोर दोषी. ती ‘नाही’ असतील, तर बचाव करणारा दोषी. धडक झाल्यावर नजर वळविणाऱ्याला ह्या प्रश्नांचे उत्तर कधीच मिळत नाही. त्याला दिसतात जमिनीवर पडलेले दोन देह आणि ऐकू येतो धाडकन झालेला आवाज. आवाजावर निकाल देणारा पंच प्रेक्षकच होय, फक्त त्याच्याजवळ शिट्टी असते.

ह्यास्तव पंचांना शिकविले जाते की प्रसंग तीन टप्प्यांत पाहावा : तो सुरू कसा झाला, वाढला कसा आणि संपला कसा. शिट्टी तिसऱ्या टप्प्यानंतर. चढाई करणाऱ्याचे मनगट दुसऱ्याच्या हाताला पुसटसे घासले, तरी त्याचा तोल गेला नाही, वेग मोडला नाही आणि चेंडू सरळ रिंगेत पडला. अशा वेळी घाईने वाजविलेली शिट्टी कोणाच्याच उपयोगाची नसते. तोच स्पर्श त्याचा हात खाली ओढून गेला असेल, तर अर्ध्या सेकंदाने वाजलेली शिट्टी मुळीच उशिराची नव्हे. (शिट्टीविषयी एक अवांतर गोष्ट : पूर्वीच्या शिट्टीत एक गोळी असे आणि ती थुंकीने अडकली की ऐन वेळी आवाज फुटत नसे, रॉन फॉक्सक्रॉफ्ट ह्या कॅनेडियन बास्केटबॉल पंचाने ह्या त्रासाला कंटाळून बिनगोळीची शिट्टी करवून घेतली आणि १९८७ साली ती बाजारात आणली. पुष्कळ मोठ्या सामन्यांतून आज तीच वाजते.)

येथे एक सूक्ष्म धोका आहे. पुढे काय होणार ह्याचा अंदाज पंचाला बांधता आलाच पाहिजे. नाही तर तो योग्य जागी पोहोचणार कसा? डावखुरा खेळाडू उजवीकडे चेंडू टप्पे देत नेत असेल तर तो परत डावीकडे वळणार, उंच खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन उभा राहिला तर तो दुसऱ्याच्या वाटेत स्क्रीन लावणार, हे त्याला आधी सुचले पाहिजे. परंतु खेळाचा अंदाज बांधणे निराळे आणि निर्णयाचा अंदाज बांधणे निराळे. ‘हा आता नक्की ढकलणार’ असे मनाने एकदा ठरविले की डोळा इमानी चाकरासारखा तो धक्का पैदा करून देतो, आणि न झालेल्या फाऊलची शिट्टी वाजते. माझ्या मते पंचांच्या हातून निसटलेल्या फाऊलांपेक्षा हे कल्पित फाऊल अधिक घातक. निसटलेल्याबद्दल लोक दोन मिनिटे ओरडतात, कल्पिताने सामन्याचा गुणफलकच बदलतो.

७. घड्याळाशी हिशेब

चेंडू थांबला म्हणजे विश्रांती, अशी नवशिक्यांची समजूत असते. खरे तर मनाचा हिशेब जुळविण्याची वेळ तीच. सरावलेला पंच प्रत्येक थांब्याला गुणलेखकांच्या टेबलाकडे एक दृष्टिक्षेप टाकतो आणि मनात पाठ म्हणतो : वेळ किती, गुण किती, दोन्ही संघांचे टीम फाऊल किती, चेंडूचा ताबा दाखविणारा बाण कोणाच्या बाजूला, पुढचा चेंडू कोणाचा आणि कोठून. सत्रात एका संघाचे चार फाऊल भरले असतील तर पुढच्या बचावाच्या फाऊलला दोन फ्री थ्रो द्यावे लागणार. हे शिट्टी वाजण्यापूर्वी ठाऊक असलेला पंच शांतपणे हात दाखवितो, आणि ठाऊक नसलेला टेबलाकडे धावत जाऊन सर्वांच्या शंकेला पात्र होतो.

शेवटच्या मिनिटात हा हिशेब अधिकच फळ देतो. समजा, चौथ्या सत्राचे ४० सेकंद उरले आहेत, ‘अ’ संघ दोन गुणांनी पुढे आहे आणि चेंडू नुकताच त्याच्या ताब्यात आला आहे. चढाईची मुदत २४ सेकंदांची. ती पुरी वापरली तरी ‘ब’ संघासाठी १६ सेकंद उरतात. तेव्हा ‘ब’ संघ बहुधा सचोटीने बचाव करील. पण तेच २० सेकंद उरलेले असतील, तर ‘अ’ संघाला चेंडू नुसता खेळवत ठेवून सामना संपविता येतो, आणि ‘ब’ संघाला घड्याळ थांबविण्यासाठी मुद्दाम फाऊल करण्यावाचून गत्यंतर नाही. वजाबाकी तिसरीतल्या मुलाची आहे, पण ती ज्याने आधी केली त्या पंचाला पुढच्या पाच सेकंदांत कोण कोणाच्या अंगावर धावणार हे ठाऊक असते; तो त्या जोडीजवळ जातो आणि साधा फाऊल कोणता व चेंडू सोडून केवळ अंगाला झोंबलेला कोणता, हे नीट पाहू शकतो.

८. ढळणे आणि सावरणे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश विमानदलापुढे एक प्रश्न होता : रडारच्या पडद्याकडे टक लावून बसणारे सैनिक काही वेळाने शत्रूच्या खुणा चुकवू का लागतात? नॉर्मन मॅकवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ केले. त्याचा काटा ठराविक उड्यांनी सरके आणि क्वचित केव्हातरी दुप्पट उडी मारी, ती पकडावयाची. १९४८ साली त्याने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसाची पकड सैल पडू लागते. बास्केटबॉल हे रडारइतके कंटाळवाणे नाही, परंतु पहिल्या दोन सत्रांत वीसवीस गुणांनी पुढे गेलेल्या संघाचा एकतर्फी सामना पंचाच्या अवधानाला चुरशीच्या सामन्यापेक्षा अधिक मारक असतो. हरणाऱ्यांचा संताप कोपरांत उतरतो, आणि नेमके तेव्हाच पंच मनाने घरी पोहोचलेला असतो.

दुसरे व्यवधान गर्दीचे. फुटबॉलच्या पंचांवर झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात त्याच त्या टकरींचे चित्रण काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना मुक्याने दाखविले. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाऊल दिले. त्यांना कोणी लाच दिली नव्हती; गोंगाटाने त्यांच्या मनात शंका उत्पन्न केली, एवढेच. उपाय कानात बोळे घालण्याचा नाही. निर्णयाचा आधार डोळ्यापुढे ठेवावा, ‘कोणी, कोठे, कशाने’ हे तीन शब्दांत स्वतःला सांगता आले तरच शिट्टी वाजवावी, म्हणजे गर्दीला मत देण्याची जागाच उरत नाही.

तिसरे आणि सर्वांत चिवट व्यवधान स्वतःच्याच मागच्या निर्णयाचे. प्रशिक्षक ओरडतो, मन पुन्हा त्या क्षणाकडे वळते, आणि त्या वळण्यात पुढच्या चढाईचे आठ-दहा सेकंद वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे, एका बाजूला चुकीचा फाऊल दिला म्हणून दुसऱ्या बाजूला एक देऊन वजन सारखे करण्याचा मोह; दोन चुकांची बेरीज शून्य होत नाही, दोन होते, ही अंकगणिताची साधी गोष्ट अशा वेळी विसरली जाते. बहुतेक पंच सावरण्यासाठी शरीराचा आश्रय घेतात : एक लांब उच्छ्वास, मैदानावरच्या एखाद्या रेषेकडे नजर, मनातल्या मनात ‘पुढचा चेंडू’ असा उच्चार, आणि हाताने मोजणी. पाच सेकंदांची मोजणी हात हलवून करावी असा जो शिरस्ता आहे, तो खेळाडूंच्या माहितीसाठी आहेच, पण मोजणाऱ्याचे मन ठिकाणावर ठेवण्यासही त्याचा उपयोग होतो.

९. म्युनिकचे तीन सेकंद

अवधान सुटण्याची सर्वांत महाग पडलेली घटना १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील आहे. ९ सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेला अमेरिका आणि सोव्हिएत संघ ह्यांचा अंतिम सामना. ऑलिंपिकमध्ये तोवर खेळलेले ६३ च्या ६३ सामने अमेरिकेने जिंकलेले. तीन सेकंद उरले असताना सोव्हिएत संघ ४९-४८ असा पुढे होता. अमेरिकेच्या डग कॉलिन्सला दोन फ्री थ्रो मिळाले आणि त्याने दोन्ही टाकले. मात्र दुसऱ्याच्या वेळी टेबलावरचा भोंगा वाजला होता. खेळ पुढे चालू झाला, सोव्हिएत प्रशिक्षक ‘आम्ही टाइम-आउट मागितला होता’ म्हणत टेबलावर धावले, आणि एक सेकंद उरला असताना ब्राझीलचे रिगेत्तो व बल्गेरियाचे अराबाजियान ह्या दोन पंचांना खेळ थांबवावा लागला. आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले आणि घड्याळ तीन सेकंदांवर न्या, असा हुकूम त्यांनी सोडला. तो देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

परंतु आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यापुढच्या क्षणाचा. घड्याळ मागे नेण्याचे काम अजून चालू होते, ते भलताच आकडा दाखवीत होते, आणि तेवढ्यात चेंडू खेळाडूच्या हाती देऊन खेळ सुरू करण्यात आला. भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले, आणि पुन्हा सर्वांना परत बोलावून तेच तीन सेकंद तिसऱ्यांदा खेळविण्यात आले. ह्या खेपेस इवान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्सांदर बेलोवने तो झेलून बास्केटमध्ये टाकला, आणि ५१-५० असा निकाल लागला. अमेरिकेची तक्रार पाच सदस्यांच्या मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. तिच्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत.

ह्यात कोणाचा हात वर होता, कोणाचे राजकारण होते, ह्याची चर्चा अजून संपलेली नाही. आपण तीत शिरण्याचे कारण नाही. मात्र चेंडू हातात देण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावयाचे हे जर झाले असते, तर मधली सारी शोभा टळली असती. म्हणूनच आजचा पंच शेवटच्या मिनिटात चेंडू काखेत धरून ठेवतो, घड्याळावरचा आकडा वाचतो, टेबलाकडून तयारीची खूण घेतो, दुसऱ्या पंचाशी नजर मिळवितो, आणि मगच चेंडू देतो. लोकांना तो रेंगाळतो आहे असे वाटते.

भोंगा वाजल्यावरही त्याची सुटका होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पंचांचा अंमल सामन्याच्या ठरलेल्या वेळेआधी २० मिनिटे मैदानावर पाऊल ठेवताच सुरू होतो, आणि मुख्य पंचाने गुणपत्रिकेवर सही केली म्हणजे त्यांचा सामन्याशी असलेला संबंध संपतो. भोंगा आणि सही ह्यांच्या मधल्या काही मिनिटांत कोणी खेळाडूने किंवा प्रशिक्षकाने गैरवर्तन केले, तर त्याची नोंद सहीच्या आधी पत्रिकेवर व्हावी लागते; म्हणून हस्तांदोलनासाठी दोन्ही संघ समोरासमोर येतात तेव्हा एक पंच टेबलावर आकडे पडताळीत असतो आणि दुसरे दोघे त्या रांगांकडे पाहत उभे असतात.